शेंदूर

वडाळा नाक्याच्या आत, तिसऱ्या गल्लीत,
इलियास मिस्त्रीच्या शेडमध्ये
माझी फियाट विटांवर उभी आहे.
चाकं नाहीत, काचा नाहीत.
नंबर प्लेट मी घरी नेली, पुसून कपाटावर ठेवली.

मोहाडीला कारभारी आहेरांच्या शेडमध्ये
तिच्या शेजारी फवारणीचा पंप होता
आणि मोरचुदाच्या गोण्या.
सांडलेली भुकटी निळी, बघत राहावी अशी.
ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा
अंगठ्याने दाबला तर पापडासारखा गेला.
द्राक्षाला औषध तेच गाडीला वीख, आहेर म्हणाले,
आणि दोन हजार सोडले.

रिमूव्हर एकाच दिशेने लावायचा,
मागेपुढे घासायचा नाही.
वरून प्लास्टिकचा कागद. मग चहा.
चहा संपेपर्यंत रंगाला सुरकुत्या येतात
तापल्या दुधावर याव्यात तशा,
आणि पटाशी खाली सरकवली की
अख्खा थर लोळत हातात येतो.
हातमोज्याला भोक होतं,
माझी करंगळी दोन दिवस सोलत होती.

तीस वर्षं नोटांच्या छापखान्यात
मी फसलेले कागद बाजूला काढले.
केसाएवढा सरकलेला रंग मला दिसतो.
म्हणून मोजले: पांढरा, त्याखाली पिस्ता,
त्याखाली शाळेच्या बाकांचा तपकिरी
(हा कुणी दिला असेल?),
पुन्हा पांढरा, आणि सगळ्यात खाली
कारखान्याचा निळसर राखाडी,
नखाएवढाच उरलेला, डिकीच्या बिजागरीजवळ.

ग्राइंडर नको, मिस्त्री म्हणतो,
पत्रा तापला की फुगतो, मग कुणाचं ऐकत नाही.
ऐंशी नंबरचा कागद, लाकडी ठोकळा, हात.

डाव्या मागच्या मडगार्डवर रंग गेला, खाली पुट्टी.
पुट्टी गेली, खाली पुट्टी.
दोन बोटं जाड.
तिच्या आत कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा,
आणि बोळ्यामागे पत्राच नाही.
मी म्हटलं, कोण हो हा चोर?
मिस्त्रीने बोळा उलगडला. गुळाचे भाव होते.
मग तो बराच वेळ भोकाच्या कडांवरून
अंगठा फिरवत राहिला.
"दिवाळीच्या आदल्या दिवशी सहा गाड्या द्यायच्या होत्या.
उस्ताद नमाजला गेलेले.
मी सतराचा असेन.
मॅडम, ही माझीच."

त्या दिवशी शेडमध्ये हातोडी वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला गेले तर
बाजू कापलेली, नवा पत्रा बसलेला,
झाळ घासून इतकी सपाट
की मलासुद्धा शोधावी लागली.
त्या बाजूचे पैसे बिलात नाहीत.
मी विचारलं नाही.

उघडं लोखंड एक रात्र ठेवलं, तेवढी चूक झाली.
पहाटे गोदेवरून धुकं आलं
आणि बॉनेटला हळद लागली.
पुन्हा घासा, पुन्हा ॲसिडचं पाणी, पुन्हा धुवा,
लगेच कोरडं करा,
आधी फडक्याने, मग माझ्या हेअर ड्रायरने.
मिस्त्री हसला, पण शिवणींतून फिरवून घेतला.

आता तांबडा हात.
पूर्वी खरा शेंदूर असायचा, तो सांगतो,
जवसाच्या तेलात कालवलेला,
तुमच्या नाक्यावरच्या मारुतीला लावतात तो.
आता डब्यात येतो तो रेड ऑक्साइड,
म्हणजे गंजच, दळून तेलात बांधलेला.
गाडी शेंदरी झाली तेव्हा
गल्लीतली दोन पोरं उगाच बघायला आली.
एकाने हात लावला. ओला होता.
त्याची चार बोटं दारावर आहेत,
मी पुसू दिली नाहीत, वरून रंग येणारच आहे.

शेवटी दारांच्या पोटात मेण.
दाराच्या तळाला तीन भोकं असतात,
जुन्या मालकांनी ती मातीने, रंगाने बुजवलेली.
मिस्त्रीने केरसुणीची काडी घालून मोकळी केली,
तांब्याभर पाणी वरून ओतलं,
आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून खाली वाकलो.
पहिल्यातून आलं.
दुसऱ्यातून आलं.
तिसऱ्यातून अजून नाही.
तो म्हणाला, थांबा.